तापमानवाढ माणसामुळेच कशावरून? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच शंकेभोवती फिरणारी आहेत. पृथ्वीचे तापमान वाढत आहे हे बहुतेकांना मान्य आहे. ते माणसामुळे वाढत आहे का, यावर मात्र जाहीर चर्चांमध्ये आणि घराघरांत वाद चालू आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर लांबले आहे, कारण इतर शंकांची मुळेही बहुतांशी तेथेच जाऊन पोहोचतात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त लेखापाल आहे, विज्ञानाचा विद्यार्थी नाही. पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कारखाने नव्हते की मोटारी नव्हत्या. सूर्याचे तेज कमीजास्त होते, ज्वालामुखी वायू ओकतात, समुद्र आणि झाडे माणसापेक्षा कितीतरी पट अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. मग आताच्या वाढीचा ठपका माणसावरच का? हे सिद्ध झाले आहे, की बहुसंख्य शास्त्रज्ञांचे ते केवळ मत आहे?

उत्तर : आपण आयुष्यभर हिशेब तपासलेत, म्हणून आपल्या पत्रातील सर्वांत भक्कम मुद्द्यापासून सुरुवात करतो. समुद्र, माती आणि वनस्पती दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, त्यापुढे माणसाने सोडलेला वायू थोडाच आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु ही खात्याची एकच बाजू झाली. हेच समुद्र आणि हीच झाडे दरवर्षी हवेतून हा वायू शोषूनही घेतात, आणि प्रश्न वर्षअखेरच्या शिलकीचा आहे. माणूस सध्या कोळसा, तेल व वायू जाळून आणि जंगले तोडून वर्षाला सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हवेतील त्याचे प्रमाण दहा लाख रेणूंमागे एका रेणूने वाढण्यासाठी साधारण ७.८ अब्ज टन वायू लागतो. हे प्रमाण अलीकडे वर्षाला सुमारे अडीच रेणूंनी वाढत आहे, म्हणजे हवेतील शिल्लक वर्षाला २० अब्ज टनांच्या आसपास वाढते. आपण भरणा केला ४० अब्जांचा आणि शिल्लक वाढली २० अब्जांची, तर उरलेले २० अब्ज कोणीतरी काढून नेले असले पाहिजेत. ते समुद्राने आणि वनस्पतींनी नेले. निसर्ग या खात्यात भरतो त्यापेक्षा अधिक काढतो. तेव्हा वाढलेली शिल्लक त्याच्या नावावर दाखवता येत नाही. या हिशेबाला हवामानाची प्रतिकृती किंवा मोठा संगणक लागत नाही. बेरीज-वजाबाकी पुरते, आणि माझ्या मते संपूर्ण वादातील सर्वांत निर्णायक पुरावा हाच आहे. ज्वालामुखींविषयी तर वेगळे सांगण्याचीही गरज नाही : त्यांतून वर्षभरात बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या वाट्याच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

हिशेब तपासताना आपण नोंदवहीवरच विसंबत नाही, पावत्याही पाहता. येथेही पावत्या आहेत. सजीवांच्या शरीरातील कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अत्यल्प प्रमाणात असतो आणि मृत्यूनंतर तो सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांपासून झालेले असल्याने त्यांत तो उरलेलाच नाही. अशा जुन्या कार्बनचा धूर हवेत मिसळला, तर हवेतील कार्बन-१४ पातळ व्हायला हवा. हान्स सुएस या रसायनशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये झाडांच्या वार्षिक वलयांत नेमके हेच दाखवून दिले. पुढे असेही दिसले की हवेतील ऑक्सिजन अगदी किंचित, पण मोजता येईल इतका घटत आहे. जळण्याच्या क्रियेत ऑक्सिजन खर्च होतो, ज्वालामुखीतून किंवा समुद्रातून वायू आला असता तर तो असा खर्च झाला नसता. समुद्रानेच हा वायू बाहेर टाकला असता तर समुद्राच्या पाण्यातील त्याचे प्रमाण कमी झाले असते. प्रत्यक्षात ते वाढत आहे, आणि त्यामुळे पाण्याची आम्लताही वाढत आहे. इतक्या वेगवेगळ्या पावत्या एकाच नावाच्या निघाव्यात, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

आता वायू वाढल्याने उष्णता वाढते हे कशावरून, याकडे वळतो. ही कल्पना आजच्या चळवळींनी किंवा सरकारांनी काढलेली नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकी स्त्रीने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत अधिक तापले आणि उन्हातून काढल्यावर थंड व्हायलाही त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. अशा वायूचे आवरण पृथ्वीला अधिक तापवील, असा निष्कर्ष तिने त्याच लेखात मांडला. तिच्या साधनांनी सूर्याची उष्णता आणि जमिनीतून परत निघणारी उष्णता वेगळी करता येत नव्हती. ते काम जॉन टिंडल यांनी १८५९ पासून प्रयोगशाळेत केले. हवेत सर्वाधिक असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू अवरक्त (तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) उष्णतेला जवळजवळ जसेच्या तसे जाऊ देतात, तर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ती अडवतात, हे त्यांनी मोजून दाखवले. हवेत दहा हजारांत चारच रेणू या वायूचे, ते काय करणार, ही शंका अनेक पत्रांत आली आहे. तिचे उत्तर टिंडल यांच्या प्रयोगात आहे : उरलेले बहुतेक रेणू या कामात भागच घेत नाहीत.

१८९६ मध्ये स्वान्ते अर्‍हेनियस यांनी कागदावर आकडेमोड करून सांगितले की हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे सरासरी तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. त्यानंतर जे घडले ते या वादात सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अर्‍हेनियस यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०० मध्ये क्नुट आंगस्ट्रॉम यांनी प्रयोगाच्या आधारे आक्षेप घेतला की हा वायू शोषू शकतो तेवढी उष्णता आधीच शोषत आहे, आणखी वायू घातल्याने फरक पडणार नाही. हा आक्षेप पुढे अर्धे शतक टिकून राहिला. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या अभियंत्याने जगभरच्या नोंदी जमवून तापमान वाढत असल्याचे आणि त्यामागे इंधनाचा धूर असल्याचे मांडले, तेव्हा हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्याकडेही साशंकतेने पाहिले. १९५० च्या दशकात गिल्बर्ट प्लास यांनी वातावरणाचे थर वेगवेगळे धरून गणित केले आणि वरच्या विरळ थरांत हा वायू वाढला की उष्णता बाहेर पडणे अवघड होतेच, हे दाखवले. तेव्हा आंगस्ट्रॉम यांचा आक्षेप गळून पडला. थोडक्यात, माणूस हे कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी आनंदाने स्वीकारलेले नाही. त्यांनी ते पन्नास वर्षे नाकारले, आणि नाकारण्याची कारणे एकेक करून संपल्यावर मान्य केले.

राहिला सूर्य. सूर्य आणि कार्बन डायऑक्साइड दोघेही पृथ्वी तापवू शकतात, पण दोघांच्या तापवण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. सूर्य प्रखर झाला तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापेल. कार्बन डायऑक्साइड वाढला तर जमिनीलगतचा थर तापेल आणि उंचावरचे स्थितांबर उलट थंड होईल, कारण त्या विरळ हवेत हाच वायू स्वतःजवळची उष्णता अवकाशात सोडून देतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी हे भाकीत १९६७ मध्ये केले होते, जेव्हा ते पडताळण्याइतकी मोजमापे उपलब्ध नव्हती. पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी मोजले तेव्हा खालचा थर तापताना आणि वरचा थंड होताना दिसला. ओझोन घटल्याचाही या थंड होण्यात वाटा आहे, पण स्थितांबराच्या वरच्या भागातील थंडावा केवळ त्याने उलगडत नाही. शिवाय १९७८ पासून सूर्याची प्रखरता उपग्रहांवरून सतत मोजली जात आहे. अकरा वर्षांच्या चक्रात ती सुमारे एक दशांश टक्क्याने खालीवर होते. एकूण चढ मात्र नाही, आणि याच काळात पृथ्वी झपाट्याने तापली.

हिमयुगांचा मुद्दा मी शेवटी घेतला, कारण तो आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध बाजूने बोलतो. हिमयुगे पृथ्वीच्या कक्षेत आणि आसाच्या कलात हजारो वर्षांच्या गतीने होणाऱ्या बदलांमुळे सुरू झाली आणि संपली. ते बदल स्वतः फार क्षीण असतात. त्यांनी सुरुवात केली की बर्फ वितळतो, समुद्र कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो वायू पुढची वाढ घडवतो. म्हणूनच जुन्या बर्फाच्या नमुन्यांत कधीकधी तापमान आधी आणि वायू मागाहून वाढलेला दिसतो. क्षीण धक्क्याने एवढे मोठे बदल होत असतील, तर हवामान हट्टी नसून हळवे आहे, असाच त्याचा अर्थ होतो. अंटार्क्टिकाच्या बर्फातील नमुने गेल्या ८ लाख वर्षांची हवा जपून आहेत. त्या सर्व काळात हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख रेणूंत साधारण ३०० च्या पुढे गेले नव्हते. उद्योगयुगापूर्वी ते २८० होते, आज ४२० च्या वर आहे.

प्रश्न : शास्त्रज्ञांमध्ये ९७ टक्के एकमत असल्याचे सांगितले जाते. तो आकडा फुगवलेला आहे आणि ३१ हजार शास्त्रज्ञांनी विरोधात सह्या केल्या आहेत, असेही वाचनात आले. खरे काय?

उत्तर : ९७ टक्क्यांचा आकडा २०१३ च्या एका अभ्यासातून विशेष प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १२ हजार शोधनिबंधांचे सारांश तपासले होते. त्यांतील जवळपास दोनतृतीयांश सारांशांत कारणाविषयी काहीच भूमिका नव्हती. ज्यांनी भूमिका घेतली त्यांपैकी ९७ टक्क्यांनी माणूस कारण असल्याचे मानले होते. हा तपशील न सांगता आकडा फेकला की वाचकाला फसवल्यासारखे वाटते, आणि त्याचा राग रास्त आहे. त्याआधी २००४ मध्ये नेओमी ओरेस्केस यांनी ९२८ सारांश तपासले होते आणि त्यांत या निष्कर्षाला नाकारणारा एकही आढळला नव्हता. सह्यांचे निवेदन १९९८ चे आहे. विज्ञान, अभियांत्रिकी किंवा वैद्यक यांतील पदवी असलेल्या कोणालाही त्यावर सही करता येत होती. हवामानावर काम केलेले असण्याची अट नव्हती. त्यासोबतचे पत्र अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या माजी अध्यक्षांचे होते आणि सोबतचा लेख अकादमीच्या नियतकालिकासारखा छापलेला होता, तेव्हा अकादमीने आपला याच्याशी संबंध नसल्याचे जाहीर केले.

तरीही, डोकी मोजून हा प्रश्न सोडवू नये असेच मी सुचवीन. त्याऐवजी खरा मतभेद कसा मिटतो हे पाहा. १९९० मध्ये रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणाचे तापमान काढले, आणि पुढील काही वर्षे त्या नोंदींत जवळजवळ वाढच दिसत नव्हती. जमिनीवरच्या नोंदी वाढ दाखवत होत्या, म्हणजे दोहोंपैकी कोणीतरी चुकत होते, आणि शंका घेणाऱ्यांच्या हाती हा तेव्हाचा सर्वांत वजनदार पुरावा होता. १९९८ मध्ये इतर संशोधकांनी दाखवले की उपग्रह हळूहळू खाली येत असल्यामुळे नोंदींत खोटा थंडावा शिरत होता. २००५ मध्ये दिवसाच्या वेळेविषयीच्या दुरुस्तीत आणखी एक चूक सापडली, ती स्पेन्सर व क्रिस्टी यांनी मान्य केली, आणि त्यानंतर त्यांच्या स्वतःच्या नोंदीही अधिक वाढ दाखवू लागल्या. वाढ किती चिंताजनक आहे याबाबत त्या दोघांचे मत आजही बहुसंख्यांपेक्षा वेगळे आहे. नोंदींचा वाद मात्र मिटला, आणि तो कोणाला गप्प बसवून मिटलेला नाही.

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या आयपीसीसी या समितीच्या शब्दयोजनेतही हीच सावधगिरी दिसते. १९९० च्या पहिल्या अहवालात तिने वाढ नैसर्गिकही असू शकेल असे म्हटले होते. १९९५ मध्ये माणसाचा प्रभाव ओळखू येत असल्याचे पुरावे सुचवतात, इतपत ती पुढे गेली. मग २००१ मध्ये संभाव्य, २००७ मध्ये अतिसंभाव्य, २०१३ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक खात्री, आणि २०२१ मध्येच निःसंदिग्ध हा शब्द आला. एकतीस वर्षे लागली. आधीच निकाल ठरवून बसलेल्या मंडळाला एवढा वेळ लागला नसता.

प्रश्न : १९७० च्या दशकात हेच शास्त्रज्ञ नवे हिमयुग येणार म्हणत होते ना?

उत्तर : काही मासिकांनी तसे लेख छापले होते आणि काही शास्त्रज्ञ तसे म्हणतही होते. १९४० नंतर काही दशके तापमान फारसे वाढले नव्हते, कारण कारखान्यांच्या धुरातील गंधकयुक्त सूक्ष्मकण सूर्यप्रकाश परतवत होते; तो थंडावा भारी पडेल की वायूची उष्णता, हा तेव्हा खुला प्रश्न होता. १९६५ ते १९७९ या काळातील शोधनिबंध नंतर मोजले गेले, तेव्हा ७ निबंध थंडावा वर्तवणारे आणि ४४ वाढ वर्तवणारे निघाले. तापमानवाढ हे नाव टाकून हवामानबदल हे नाव सोयीसाठी घेतले, या आरोपातही तथ्य नाही; प्लास यांच्या १९५६ च्या निबंधाच्या शीर्षकातच हवामानबदल हा शब्द आहे.

प्रश्न : माझे मोठे बंधू अभियंते आहेत, वाचन भरपूर आहे, आणि हे सर्व थोतांड आहे असे ते ठामपणे म्हणतात. मी पुरावे दाखवले की ते आणखी दहा लेख पुढे ठेवतात. आता आमचे बोलणेच कमी झाले आहे. दादांना समजावण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण अशी पत्रे आता नेहमी येतात. दादांना विज्ञान कळत नाही म्हणून ते मानत नाहीत, असे प्रथम मनातून काढून टाकावे. येल विद्यापीठातील डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील लोकांचा अभ्यास करून दाखवले की विज्ञान आणि गणित ज्यांना अधिक चांगले येते त्यांच्यात या प्रश्नावर दोन टोके कमी होत नाहीत, उलट वाढतात. हुशार माणूस आपल्या बाजूचे पुरावे अधिक कौशल्याने शोधतो. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, आपल्यालाही आणि मलाही.

दुसरे, पसरवलेली शंका आणि प्रामाणिक शंका यांत फरक करावा. शंका मुद्दाम पेरली गेली, हे नोंदलेले सत्य आहे. एक्सॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाअखेरपासून केलेले तापमानाचे अंदाज बरेच अचूक होते, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच काळात कंपनी जाहीरपणे मात्र विज्ञान अनिश्चित असल्याचे सांगत राहिली. याबद्दल मला मनापासून संताप आहे. परंतु तो संताप दादांवर काढणे अन्यायाचे होईल. जे लेख त्यांच्यापर्यंत पोहोचले ते त्यांनी लिहिलेले नाहीत.

त्यांना लेखांऐवजी एका माणसाची हकीकत सांगून पाहा. रिचर्ड म्युलर हे बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ तापमानाच्या नोंदींबद्दल उघडपणे साशंक होते. शहरे वाढल्याने तापमापके चुकत असतील, संशोधकांनी सोयीची ठिकाणे निवडली असतील, असे त्यांचे आक्षेप होते आणि ते विचारण्याजोगे होते. त्यांनी २०१० मध्ये स्वतःचा गट उभा केला, उपलब्ध जवळपास सर्व ठिकाणांच्या नोंदी घेऊन नव्याने हिशेब केला, आणि त्यासाठीचा काही पैसा तेल उद्योगाशी संबंधित असलेल्या एका प्रतिष्ठानाकडूनही आला होता. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केले की वाढ खरी आहे आणि जवळजवळ सगळी माणसामुळे आहे. शंका घेणाऱ्याने हेच करावे. आणि अभियंत्याला मोजणाऱ्या माणसाविषयी आदर वाटतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. या वादात पाच निरनिराळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत : वायू वाढला का, तो माणसाने वाढवला का, त्याने तापमान वाढते का, किती वाढेल, आणि मग काय करावे. पहिल्या तिन्हींचा निकाल लागला आहे. चौथा अजून पूर्ण मिटलेला नाही; वायू दुप्पट झाल्यास वाढ किती, याचा १९७९ मधील अंदाज दीड ते साडेचार अंश होता, तो आज अडीच ते चार अंशांपर्यंत आक्रसला आहे, आणि ढगांचे वागणे हे त्यातील सर्वांत कठीण कोडे आहे. पाचवा प्रश्न तर विज्ञानाचा नाहीच. कर लावावा की नाही, अणुऊर्जा घ्यावी की नाही, श्रीमंत देशांनी किती भार उचलावा, यावर शास्त्रज्ञाच्या मताला इतर नागरिकाच्या मताहून अधिक वजन नाही. मला वाटते, पुष्कळ माणसांना पाचव्या प्रश्नाची सुचवलेली उत्तरे पटत नाहीत, आणि ती टाळण्यासाठी ते पहिल्या तिघांशी भांडतात. दादांचे तसे आहे का, हे त्यांनाच विचारावे, आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये.

त्यानंतर दोघांनी मिळून हवाईतील मौना लोआ पर्वतावरच्या, हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या नोंदींचा आलेख पाहावा. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी तो सुरू केला, तेव्हा आकडा दहा लाखांत सुमारे ३१५ होता. त्यात दरवर्षी करवतीच्या दातासारखा चढउतार दिसतो : उत्तर गोलार्धातील झाडे पालवतात तेव्हा रेघ उतरते, पानगळीनंतर चढते, आणि पुढचा प्रत्येक दात मागच्यापेक्षा थोडा उंच असतो. तो फरक कोठून आला, याचा हिशेब पहिल्या उत्तरात दिला आहे; दादांनी तो स्वतः कागदावर करून पाहावा, एखादा आकडा पटला नाही तर तपासावा. तो जुळला, तर पुढच्या भेटीत बोलणे पाचव्या प्रश्नापासून सुरू करावे. तेथे त्यांच्या अभियांत्रिकीतील अनुभवाचा खरोखर उपयोग आहे. तेथे आपले मतभेद झाले, तर दोघांचीही पत्रे मला वाचायला आवडतील आणि ती या सदरात शेजारी शेजारी छापीन.